मांजरांचे दैवत आणि दैवताची मांजरे

इ. स. पू. ६० च्या सुमारास सिसिली बेटातील इतिहासकार डायोडोरस हा इजिप्त देशात प्रवास करीत असता त्याने एक प्रसंग आपल्या डोळ्यांनी पाहिला व तो आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवला. त्या काळी इजिप्तच्या गादीवर असलेला टॉलेमी राजा रोमची मैत्री संपादन करण्यासाठी जिवाचे रान करीत होता. रोमहून आलेल्या मंडळींच्या आदरातिथ्यात तिळमात्र उणे पडू नये, कुरापत काढावयास त्यांना निमित्त मिळू नये, म्हणून राजापासून रंकापर्यंत सर्व लोक जपून वागत होते. इतक्यात त्या रोमन लोकांपैकी एकाच्या हातून एक मांजर मेले. मुद्दाम नव्हे, चुकून. बातमी पसरताच लोकांचा जमाव त्याच्या घरावर चालून गेला. राजाने आपले अधिकारी रदबदलीसाठी धाडले. रोमच्या नावाची दहशत तर साऱ्या भूमध्यसमुद्राभोवती होतीच. परंतु राजाच्या विनवणीचा किंवा रोमच्या भीतीचा काडीइतकाही उपयोग झाला नाही, आणि त्या माणसाचा प्राण वाचू शकला नाही.

ही हकीकत वाचली म्हणजे मनुष्याच्या मनात सामान्यतः दोन भाव उत्पन्न होतात. एक उपहासाचा व दुसरा कौतुकाचा. उपहासाची परंपरा जुनी आहे. रोमन कवी जुव्हेनल याने आपल्या पंधराव्या उपरोधकाव्यात मिसरी लोकांच्या पशुपूजेची यथेच्छ टर उडविली. कौतुकाची परंपरा त्या मानाने नवी आहे. मार्जारप्रेमी आधुनिक माणसाला असे वाटते की, जगात मांजराची खरी पारख कोणी केली असेल तर ती इजिप्तमधील लोकांनीच. या दोन्ही वृत्तींत एक उणीव समान आहे: त्या लोकांनी मागे ठेवलेला पुरावा संपूर्ण पाहण्याचे श्रम दोघांनीही घेतलेले नाहीत. कारण तो पुरावा पाहू जाता असे आढळते की, ज्या देशात चुकून मांजर मारणाऱ्याला प्राणास मुकावे लागले, त्याच देशात त्याच काळात मांजरांची हजारो पिल्ले माना मुरगळून मारली जात होती. आणि तीही देवीच्याच नावाने. या विसंगतीचा उलगडा काय, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम पशुदेवता म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. इजिप्तच्या देवमंडळाकडे पाहिले असता जणू एखादे प्राणिसंग्रहालयच आपल्यापुढे उभे राहते. होरसला ससाण्याचे मुख, अनुबिसला कोल्ह्याचे, ख्नुमला मेंढ्याचे, सोबेकला सुसरीचे. हाथोर देवीला गाईचे कान व शिंगे. विद्येचा देव थोथ हा कधी आयबिस पक्ष्याच्या मुखाचा, तर कधी वानराच्या रूपाचा. आयबिस म्हणजे आपल्याकडील शराटीच्या जातीचा लांब व वाकड्या चोचीचा पक्षी. शेणाचा गोळा लोटीत नेणाऱ्या किड्यातही त्या लोकांना उगवत्या सूर्याचे रूप दिसले. हे सर्व अतिशय प्राचीन आहे. हायराकोनपोलिस येथे १८९८ साली सापडलेली नार्मेर राजाची पाटी इ. स. पू. ३१०० च्या सुमारास कोरलेली आहे. तिच्यावरही गाईच्या मुखाची देवी व राजाच्या शत्रूला वेसण घालणारा ससाणा स्पष्ट दिसतात.

आपल्या वाचकांना येथे देवांच्या वाहनांची आठवण होणे साहजिक आहे. परंतु नंदी हा शंकराचा वाहक आहे, स्वतः शंकर नव्हे. आणि इजिप्तमध्ये देव व पशू यांच्यामधील संबंध याहून निराळा होता. तेथील चित्रलिपीत प्रत्येक चिन्ह हे एक चित्रच असे. देवाच्या मानवी धडावर पशूचे मस्तक बसविणे म्हणजे त्या देवाचे नाव व स्वभाव एका चिन्हाने लिहून दाखविणे होय, असे एरिक होर्नुंग या विद्वानाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले आहे. अनुबिस खरोखरच कोल्ह्याच्या तोंडाचा आहे, अशी चित्रकाराची समजूत नव्हती. देवाचे खरे रूप मनुष्याला अगोचर आहे, असेच ते लोक मानीत. मात्र देवाची शक्ती एखाद्या ठिकाणी प्रकट होऊ शकते, आणि अशा प्रकटीकरणाला त्यांच्या भाषेत ‘बा’ असा शब्द होता. मूर्तीत ती शक्ती वास करू शकते, तशी ती जिवंत पशूतही वास करू शकते. मेम्फिस येथील एपिस नावाचा बैल हा प्ताह देवाचा असा प्रकट अंश मानला जाई. विशिष्ट खुणा अंगावर असलेला एकच बैल एका वेळी एपिस होई. तो मेला की दुसऱ्याचा शोध सुरू होई. ऑग्युस्त मारिएत या फ्रेंच संशोधकाने १८५१ साली सक्कारा येथील भुयारे उघडली, तेव्हा या बैलांसाठी घडविलेल्या एकसंध दगडाच्या प्रचंड पेट्या पाहून सारे युरोप थक्क झाले. तात्पर्य, देशातील सर्व बैल देव नव्हते. ते नांगरालाही जुंपले जात व त्यांचे मांसही खाल्ले जाई. देव होता तो निवडलेला एक बैल. हा भेद लक्षात ठेवला तरच पुढील गोष्टीचा अर्थ लागेल. कारण मांजराच्या बाबतीत हाच भेद पुढे पुसट होत गेला.

मांजर हे देव होण्यापूर्वी घरातले होते. नाईल नदीच्या पुराने दरसाल सुपीक होणारा तो देश धान्यावर जगत होता. धान्य म्हटले की कोठारे आली, कोठारे आली की उंदीर आले, आणि उंदरांच्या मागोमाग साप आले. अशा घरात मांजराला कोणी बोलावून आणण्याचे कारणच नव्हते. ते आपल्या पावलांनी आले व राहिले. हायराकोनपोलिस येथेच इ. स. पू. ३७०० च्या सुमारास पुरलेली मांजरांची हाडे सापडली असून त्यांत एक बोका, एक भाटी व चार पिल्ले आहेत. अर्थात मनुष्याशी सहवास ठेवणारे सर्वांत जुने मांजर इजिप्तमधले नव्हे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाच्या शेजारी पुरलेल्या मांजराचा शोध २००४ साली जाहीर झाला आहे. पण आफ्रिका व पश्चिम आशिया यांमधील ज्या रानमांजराच्या जातीपासून आजची सर्व पाळीव मांजरे उत्पन्न झाली, असे २००७ सालच्या आनुवंशिक संशोधनाने दाखविले, तीच जात नाईलच्या खोऱ्यात नांदत होती. आपल्या माजघरात चुलीशी अंग चोरून बसणारी मनी या घराण्यातलीच आहे.

इजिप्तच्या भाषेत मांजराला ‘मिऊ’ म्हणत. ‘माऊ’ म्हणून मांजराला हाक मारणाऱ्या मराठी मुलाला या शब्दाचा अर्थ सांगण्यास कोणत्याही पंडिताची गरज पडणार नाही. थीब्ज येथील थडग्यांच्या भिंतींवर हे मिऊ वारंवार दिसते. नख्त नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात ते बाईच्या आसनाखाली बसून मासा मटकावीत आहे. नेबामुन याच्या थडग्यातील सुप्रसिद्ध चित्र सध्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. इ. स. पू. १३५० च्या सुमाराच्या या चित्रात धनी बायको-मुलीसह होडीतून पाखरांची शिकार करीत आहे, आणि त्याचे मांजर लव्हाळ्यांत झेप घेऊन एकाच वेळी तीन पाखरे धरीत आहे. त्या मांजराच्या डोळ्याला चित्रकाराने सोन्याचा वर्ख लावला आहे. या वर्खात सूर्यदेवाचा काही संकेत असावा असे विद्वानांना वाटते. कारण मृतांसाठी लिहिलेल्या पोथ्यांत स्वतः सूर्यदेव रा हा महामार्जाराचे रूप घेऊन वृक्षाखाली सुरीने अपोफिस सर्पाचे मस्तक छेदतो, असे चित्र येते. हुनेफेर याच्या पोथीतील हे चित्र ज्याने एकदा पाहिले त्याला त्या मांजराच्या चेहऱ्यावरील करारीपणा विसरता येत नाही.

तरीही या काळात घरातले मांजर मांजरच होते, आणि लोक त्याला हसतही असत. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांची वस्ती देर एल-मदीना येथे होती. तेथे सापडलेल्या दगडी कपच्यांवर व पापायरसवर अशी चित्रे आहेत की, मांजर काठी घेऊन हंसांचा कळप राखीत आहे, मांजर दासी होऊन एका उंदीरबाईच्या सेवेत उभे आहे, आणि उंदरांच्या सैन्याने मांजरांच्या किल्ल्याला वेढा दिला आहे. ज्या कारागिरांनी थडग्याच्या भिंतीवर देवाचे मार्जाररूप रंगविले, त्यांच्याच वस्तीतील हातांनी फावल्या वेळी ही थट्टाही रेखाटली.

याच काळातील एक वस्तू आम्हांस विशेष हृद्य वाटते. आमेनहोतेप तिसरा या राजाचा थोरला मुलगा थुतमोस हा मेम्फिस येथे प्ताह देवाचा मुख्य पुजारी होता. तो बापाच्या आधीच वारला. तो जगता तर त्याचा धाकटा भाऊ अखेनातेन गादीवर आला नसता आणि इजिप्तच्या धर्मेतिहासातील सर्वांत मोठी उलथापालथ कदाचित झालीच नसती. या राजपुत्राने आपल्या मांजरीसाठी चुनखडीच्या दगडाची एक लहानशी शवपेटी करविली. ती कैरो येथे जपून ठेवलेली आहे. तिच्यावर ती मांजरी नैवेद्याच्या चौरंगापुढे एखाद्या प्रतिष्ठित स्त्रीसारखी बसली आहे, आणि एखाद्या माणसाप्रमाणेच परलोकातील स्थानासाठी मंत्र कोरले आहेत. तिचे नाव ‘ता-मिऊ’, म्हणजे ‘मांजरी’. ती देवी नव्हती. एका माणसाची आवडती होती, एवढेच. मेल्यावरही ती आपल्याला दिसावी असे त्याला वाटले.

आता देवीकडे वळू. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात, हल्लीच्या झगाझिग गावाशेजारी, तेल बास्ता नावाचे टेकाड आहे. हेच ग्रीकांचे बुबास्तिस. येथील देवी बास्तेत ही पिरॅमिडांइतकीच जुनी असून खाफ्रे राजाच्या गिझा येथील मंदिरातील लेखात तिचे नाव आढळते. परंतु आरंभी ती मांजरमुखी नव्हती. ती सिंहीण होती. इजिप्तमध्ये सिंहिणीच्या रूपातील देवी अनेक आहेत. त्यांत सेखमेत ही सर्वांत भयंकर. रा देवाने मानवजातीला शासन करण्यासाठी आपला नेत्र देवीच्या रूपाने पाठविला. तिला रक्ताची चटक लागली. तेव्हा तांबड्या रंगाची बिअर जमिनीवर ओतून, ती रक्त समजून देवी प्याली व झिंगली, म्हणून माणसे वाचली, अशी कथा आहे. देवीचा कोप शांत करून तिला प्रसन्न रूपात परत आणणे, हे तेथील उपासनेचे एक मोठे सूत्र होते. कोपली की सिंहीण, निवली की मांजर. इ. स. पू. पहिल्या सहस्रकात बास्तेतला मांजराचे मुख आले ते या सूत्राने. तिच्या काशाच्या लहान मूर्ती जगातील बहुतेक मोठ्या संग्रहालयांत आहेत: एका हातात खुळखुळ्यासारखे वाद्य, दुसऱ्यात सिंहिणीच्या मस्तकाची ढाल, कोपराला टोपली आणि पायांशी चार-दोन पिल्ले. चेहरा शांत आहे. पण ढालीवरची सिंहीण तिने हातची सोडलेली नाही.

इ. स. पू. ९४५ च्या सुमारास लिबियन वंशाचा शेशोंक हा राजा झाला. त्याच्या बाविसाव्या घराण्याचा बुबास्तिसशी निकटचा संबंध होता, आणि राजकृपेने तेथील देवीचा महिमा वाढला. एदुआर नाव्हिल याने १८८७ ते १८८९ या काळात केलेल्या उत्खननात दुसऱ्या ओसोर्कोनने बांधलेल्या उत्सवमंडपाचे लाल ग्रॅनाइटचे भग्न दगड सापडले. पुढे चार शतकांनी हेरोडोटस तेथे आला. इजिप्तमध्ये याहून मोठी मंदिरे आहेत, पण डोळ्यांना इतके सुख देणारे दुसरे नाही, असा अभिप्राय त्याने दिला आहे. मंदिराभोवती नाईलचे दोन कालवे, काठावर झाडी, आणि सभोवारचे गाव उंच झाल्यामुळे कोठूनही खाली पाहिले असता दिसणारे देवालय, असे त्याचे वर्णन आहे. यात्रेच्या वेळी स्त्री-पुरुष होड्या भरभरून येत. बायका चिपळ्या वाजवीत, पुरुष पावे वाजवीत, बाकीचे टाळ्या पिटीत गात. वाटेत गाव लागले की होडी काठाला लावून तेथल्या बायकांची थट्टामस्करी चाले. यात्रेत जितका द्राक्षासव खपे तितका एरवी सबंध वर्षात खपत नसे. आणि लहान मुले सोडून सात लक्ष माणसे जमत, असे स्थानिक लोक सांगत. आकडा फुगविलेला असेल. पण पंढरीची वारी ज्याने पाहिली आहे त्याला त्या गर्दीची कल्पना करणे अवघड जाणार नाही. घरचे मांजर मेले तर घरातील सर्वजण भिवया काढतात, आणि मेलेली मांजरे बुबास्तिसला नेऊन मसाला भरून पुरतात, हेही हेरोडोटसच सांगतो.

पशुपूजेला हा ऊत आला तो इजिप्तच्या वैभवकाळात नव्हे, तर पडत्या काळात. इ. स. पू. ६७१ मध्ये असिरियन सैन्याने मेम्फिस घेतले. ६६३ मध्ये थीब्ज लुटले गेले. ५२५ मध्ये इराणी आले आणि ३३२ मध्ये अलेक्झांडर आला. राज्य गेले, सैन्य गेले, राजभाषाही परक्यांची झाली. अशा वेळी आपण इतरांहून वेगळे आहोत हे दाखविणारी जी खूण शिल्लक राहते, तिला समाज घट्ट धरून बसतो. ससाणा, आयबिस व मांजर यांची पूजा परक्यांना हास्यास्पद वाटत होती. म्हणूनच ती मिसरी माणसाला अधिक आपली वाटू लागली, असे आम्हांस वाटते. त्या रोमन माणसावर चालून गेलेला जमाव केवळ एका मांजरासाठी गेला नव्हता. तो अपमान गिळून बसलेल्या लोकांचा जमाव होता. परक्या राजांबद्दलच्या दंतकथाही याच भावनेच्या द्योतक आहेत. इराणी राजा कंबुजिय याने एपिस बैलाला जखमी करून मारले असे हेरोडोटस लिहितो. परंतु सक्कारा येथील शिलालेख सांगतो की, त्याच राजाच्या कारकिर्दीत एपिस यथासांग पुरला गेला. पेलुझियमच्या लढाईत कंबुजियाने सैन्यापुढे मांजरे ठेविली व त्यांना इजा होईल म्हणून मिसरी लोकांनी शस्त्रे टाकली, ही गोष्ट तर पॉलिएनस नावाच्या लेखकाने लढाईनंतर जवळजवळ सात शतकांनी लिहिली. हेरोडोटस स्वतः त्या रणांगणावर जाऊन आला होता; पण त्याच्या ग्रंथात या मांजरांचा मागमूस नाही.

परकी राजघराणीही ही भक्ती ओळखून होती. तिसऱ्या टॉलेमीची राणी बेरेनिके हिने अलेक्झांड्रियात बास्तेतचे मंदिर बांधविले होते. २०१० साली त्याचे अवशेष उजेडात आले, तेव्हा तेथे सुमारे ६०० मूर्ती मिळाल्या व त्यांत मांजरांच्या पुष्कळ होत्या. पशुपूजेला असा सर्वत्र आश्रय मिळाला आणि तिचा एक व्यवहार उभा राहिला. नवस करण्याची पद्धत हेरोडोटस व डायोडोरस या दोघांनीही सांगितली आहे. मूल दुखण्यातून उठले की त्याचे केस काढावयाचे, ते रुप्याशी तोलावयाचे आणि ते रुपे देवाचे पशू सांभाळणाऱ्यांना द्यावयाचे. यात आपल्याला परके असे काही वाटत नाही. पण नवस फेडण्याची दुसरी एक पद्धत होती. यात्रेकरूने मांजराची ममी विकत घ्यावी व देवीला अर्पण करावी. ती मग भुयारात इतर लाखो ममींच्या राशीत ठेवली जाई. ससाणे होरसला, कुत्रे अनुबिसला, आयबिस थोथला आणि मांजरे बास्तेतला. सक्कारा येथील अनुबिसच्या भुयारांत ८० लक्षांपर्यंत प्राणी असावेत असा अंदाज २०१५ साली तेथे काम केलेल्या संशोधकांनी दिला आहे. एवढे प्राणी आपल्या मरणाने मरणे शक्य नाही.

ते मरत नव्हते, मारले जात होते. लंडन येथील संग्रहातील पन्नासाच्या वर मांजर-ममींची तपासणी क्ष-किरणांनी करण्यात आली व तिचे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाले. बहुतेक मांजरे दोनच वयांची निघाली: एक ते चार महिन्यांची पिल्ले आणि नऊ ते बारा महिन्यांची, नुकती वयात येऊ लागलेली. म्हातारे मांजर जवळजवळ नाही. आणि पुष्कळांच्या मानेचे मणके निखळलेले. २०२० साली वेल्समधील स्वान्सी येथील संशोधकांनी ममीचे कापड न उलगडता सूक्ष्म छायाचित्रणाने एका मांजराचे मस्तक पाहिले, तेव्हा जबड्यात अद्याप बाहेर न आलेले दात दिसले. म्हणजे ते पिल्लू पाच महिन्यांचेही नव्हते. मंदिराच्या आवारात मांजरे जोपासली जात, त्यांची वीण वाढविली जाई, आणि ममीच्या बेताचा आकार झाला की त्यांचे आयुष्य संपविले जाई, असेच यावरून अनुमान निघते.

मागणी वाढली की मालात भेसळ येते, हा नियमही येथे चुकला नाही. मँचेस्टर येथे ८०० हून अधिक प्राणी-ममींची तपासणी झाली. तीतून २०१५ साली असे निष्पन्न झाले की, सुमारे एक तृतीयांश ममींत संपूर्ण प्राणी आहे, एक तृतीयांशांत त्याचा काही भाग आहे, आणि उरलेल्या एक तृतीयांशांत प्राणी मुळीच नाही; चिखल, काटक्या, पिसे, अंड्यांची टरफले असे काहीतरी मांजराच्या किंवा पक्ष्याच्या आकारात गुंडाळलेले आहे. ही सारी फसवणूक होती असे मात्र मँचेस्टरचे संशोधक म्हणत नाहीत. देवाच्या पशूला ज्याचा स्पर्श झाला तेही पवित्र, अशी श्रद्धा त्यामागे असू शकेल. पण फसवणूक होतच नव्हती असेही नाही, आणि त्याचा साक्षीदार त्याच धर्मातला आहे. इ. स. पू. दुसऱ्या शतकात सक्कारा येथे आयबिसांच्या सेवेत असलेला होर नावाचा एक सेवक होता. खापरांवर लिहिलेली त्याची टिपणे सापडली आहेत. साठ हजार आयबिसांच्या चाऱ्याची तो काळजी वाहतो; चारा गिळंकृत करणाऱ्या व रिकामी भांडी पुरणाऱ्या सेवकांविरुद्ध तक्रार नेतो; आणि प्रत्येक भांड्यात एक देव असलाच पाहिजे, असा नियम पुन्हा घालून दिला गेल्याचे नमूद करतो. ती खापरे वाचताना या माणसाविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. त्याचा देव त्याला खरोखरच हवा होता.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. रस्त्यातले मांजर चुकून मेले तर माणसाला ठार करावयाचे आणि देवळातले मांजर मोजून-मापून मारावयाचे, हा दांभिकपणा म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. मिसरी माणसाच्या दृष्टीने मृत्यू हा अंत नव्हता. विधिपूर्वक मारलेला व विधिपूर्वक गुंडाळलेला प्राणी हा ओसिरिस देवाशी एकरूप होऊन देवीच्या सन्निध जाई आणि भक्ताचा निरोप तिच्या कानी घाली. रस्त्यावरील हत्या हा देवीचा अपमान होता. देवळातील हत्या हे तिच्याकडे पाठविलेले पत्र होते. दोन्हींच्या मुळाशी एकच श्रद्धा आहे. पण याच समर्थनात या पूजेचे वैगुण्यही उघड होते. एपिस एकच होता म्हणून त्याचा दिवस न् दिवस मोजला गेला. त्याचा जन्म, त्याची माता, त्याचे मरण शिलालेखात नोंदले गेले. मांजराच्या ठिकाणी मात्र देवत्व एका जीवातून निघून साऱ्या जातीच्या आकाराला चिकटले. आकार पवित्र झाला, तेव्हा त्या आकाराच्या आत खरे मांजर आहे की काटक्या आहेत, याने भक्ताच्या दृष्टीने फारसा फरक पडेनासा झाला; आणि ज्या क्षणी फरक पडेनासा झाला त्या क्षणी त्या पिल्लाच्या जिवाची किंमतही उरली नाही. पूजा वाढत गेली आणि प्राणी नाहीसा होत गेला.

या पूजेचा शेवट सर्वश्रुत आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती पंडित क्लेमेंट याने लिहिले की, मिसरी देवालये बाहेरून झगमगीत असतात, पण सोन्याच्या कलाबतूचा पडदा सारून पाहावे तर आत देव म्हणून मांजर, सुसर किंवा साप जांभळ्या वस्त्रावर लोळत असतो. ३९१ साली सम्राट थिओडोशियसच्या आज्ञेने जुन्या धर्माच्या देवळांना टाळे लागू लागले, आणि पुढे वाळूने सर्व झाकून टाकले.

तथापि हसणाऱ्यांच्या वंशजांनी काय केले तेही सांगितले पाहिजे. बेनी हसन जवळ हातशेप्सुत राणीने खोदविलेले पाखेत या सिंहीणरूपी देवीचे लेणे आहे. त्याच्या परिसरात १८८८ च्या सुमारास एका शेतकऱ्याला जमीन खणताना मांजरांच्या ममींचा अफाट साठा लागला. १८९० साली त्यांतील सुमारे एकोणीस टन, म्हणजे अंदाजे एक लक्ष ऐंशी हजार मांजरे, जहाजाने लिव्हरपूलला पोहोचली आणि खत म्हणून लिलावात विकली गेली. लिलाववाल्याने हातोड्याऐवजी एका मांजराचे मस्तकच हाती घेऊन बोली पुकारली, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांनी छापले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कोणा आईने आजारी मुलासाठी, कोणा नावाड्याने बुडता वाचल्याबद्दल अर्पण केलेली ती पुडकी इंग्लंडच्या शेतांत दळून पसरली गेली. त्यांतून फारच थोडी वाचली. आज एकेका ममीसाठी शास्त्रज्ञ महिनोन् महिने खर्च करतात, तेव्हा त्या एकोणीस टनांचे मोल ध्यानात येते.

मिसरी लोकांना हसण्याचा अधिकार म्हणून कोणालाच नाही. त्यांनी प्राण्यात देव पाहिला आणि त्यापायी प्राण्याला विसरले. पुढच्यांनी प्राण्यात खत पाहिले आणि माणसाची श्रद्धा विसरले. या दोहोंच्या मध्ये ता-मिऊची ती दगडी पेटी आहे. तिच्यापुढे कोणी यात्रा भरविली नाही, तिच्यासाठी कोणी कोणाचा जीव घेतला नाही, आणि तिला मारून कोणी देवाकडे धाडले नाही. इजिप्तच्या भूमीतून निघालेल्या असंख्य मांजरांपैकी ती एक अशी आहे की, जिची आठवण राहावी असे एका माणसाला वाटले, आणि जिचे नाव आज आपल्याला घेता येते.